राखणीचे गद्य

गेल्या वर्षी नवी मुंबईतील काही धर्मग्रामांनी मिळून भूमीच्या सेवेवर एक मराठी लेखनस्पर्धा घेतली आणि तिच्या परीक्षणाचे काम माझ्याकडे आले. चाळीसएक निबंध आणि कविता होत्या. प्रायश्चित्तकाळातील रात्री होत्या, दिवसभराची कामे आटोपल्यावर एकेक वही घेऊन बसत असे. दहाबारा वह्या वाचून झाल्या आणि पुढच्या वहीत काय असणार हे मला आधीच कळू लागले. आरंभी धरणीमाता, मग माणसाचा लोभ, मग एके रविवारी मिस्सेनंतर तरुण मंडळाने खाडीकाठी जाऊन गोळा केलेला कचरा, आणि अखेरीस उगवता सूर्य. कवितांमध्ये लोभाच्या जागी कुऱ्हाड होती, एवढाच फरक.

या मुलांना काही ठाऊक नव्हते असे म्हणावे, तर तेही खरे नाही. यांतील बरीच मुले कांदळवनात खरोखर उतरलेली आहेत. चिखलात पाऊल रुतले की पाय वर येतो, चप्पल येत नाही. तिवराच्या श्वसनमुळांत गुंतलेली प्लास्टिकची पिशवी हिसकून ओढली तर मुळेही तुटून हाती येतात, म्हणून ती कात्रीने कापून काढावी लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात भर दुपारी पाणी चढते, तेव्हा त्या वेळी काठावर जाण्यात अर्थ नसतो. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, दुपारची ओहोटी कामाला सापडते. हे सारे या मुलांनी हातापायांनी शिकलेले आहे. पण लेखणी हाती घेताच ते ज्ञान कोठे जाते? चिखलाला वास का राहत नाही? ज्याने ज्याने काम केले, तो तो लिहिताना न केल्यासारखे का लिहितो? हा प्रश्न मला स्पर्धेच्या गुणांपेक्षा अधिक महत्त्वाचा वाटला, आणि प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

मुलांना दोष देण्यापूर्वी स्वतःचा दोष सांगणे बरे. काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळाने एका जुलैमध्ये खारघरच्या डोंगरउतारावर रोपे लावली. पाऊस कोसळत होता, तरुण गात होते, माताभगिनींनी चहाच्या किटल्या वर आणल्या होत्या. धर्मग्रामाच्या पत्रिकेत त्याचा वृत्तांत मीच लिहिला. आज तो काढून वाचला, तर विशेषणांवाचून त्यात फारसे काही नाही. 'हिरवे स्वप्न' हा शब्दप्रयोग दोनदा आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्या उतारांवरचे गवत कडकडीत वाळते आणि वणवे लागतात; दरवर्षी लागतात, हे तेथे राहणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. मे महिन्यात मी दोघा तरुणांना घेऊन वर गेलो. काळी पडलेली काही खुंटे दिसली. आमची कोणती आणि आधीची कोणती हे सांगता येईना. खाली उतरताना आम्ही तिघेही फारसे बोललो नाही. त्या दिवसाचा वृत्तांत मी लिहिला नाही. त्याला मथळा काय द्यावा हेच मला सुचले नाही. पुढच्या जुलैत रोपे लावायला निम्मीच मुले आली, आणि त्याच्या पुढच्या वर्षी तो कार्यक्रमच झाला नाही.

न लिहिलेला तो दुसरा वृत्तांत माझ्या मनात राहिला आहे. तो लिहिण्याची भाषा माझ्यापाशी नव्हती. आणि ती नसण्याचे कारण आपल्या वाचनात शोधावे लागेल, असे आता मला वाटते.

आमच्या घराघरांत पोचलेले एक पुस्तक घ्या. वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर' १९८१ साली प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून मराठी वाचकाने ते सोडलेले नाही. प्रथम कम्युनियनची भेट म्हणून मी स्वतः ते कित्येक मुलांना दिले आहे आणि यापुढेही देईन. गुलामीत जन्मलेला, कृश प्रकृतीचा एक मुलगा शिकतो, १८९६ मध्ये टस्कीगीला येतो आणि कापसाने निःसत्त्व झालेल्या अलाबामाच्या मातीला भुईमूग आणि रताळ्याच्या आधाराने पुन्हा जीव देतो, ही कथा वाचून ज्याला उभारी येणार नाही असा वाचक विरळा. परंतु शीर्षकाचा पहिलाच शब्द पाहा: 'एक'. आपण पुस्तक मिटतो तेव्हा मनात तो एकच उरतो. कार्व्हर १९४३ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सत्तेचाळीस वर्षे, त्याच एका ठिकाणी राहिला. १९०६ पासून टस्कीगीची शिकवणारी गाडी खेडोपाडी फिरू लागली. आणि पिकांची फेरपालट शेवटी प्रत्यक्ष केली ती कर्जात बुडालेल्या असंख्य कृष्णवर्णीय कुळांनी, आपापल्या तुकड्यावर, वर्षामागून वर्षे. मातीला जीव आला तो या असंख्यांच्या कंटाळवाण्या कामामुळे. चरित्र या वाङ्मयप्रकाराला त्यांची नावे सांगता येत नाहीत, हे मी समजू शकतो. पण शाळेत आणि व्यासपीठावर आपण या पुस्तकाचे जे वाचन करतो, त्यात भूमीची सेवा म्हणजे एका असामान्य पुरुषाचे चरित्र, असे समीकरण होऊन बसले आहे. ज्या मुलाला आपण असामान्य नाही हे पंधराव्या वर्षी कळते, त्याने पुढे काय करायचे?

दुसरे उदाहरण आमच्या दाराशीच आहे. पनवेलच्या पुढे मुंबई-गोवा रस्त्यावरून कर्नाळ्याचा सुळका दिसतो. गो. नी. दांडेकरांची 'जैत रे जैत' ही कादंबरी याच परिसरातील ठाकरांची. पुण्यवंत होऊ पाहणाऱ्या नाग्याचा एक डोळा डोंगरावरच्या मधमाश्यांच्या दंशाने जातो, आणि राणीमाशीचा नाश करण्याची तो प्रतिज्ञा करतो. चिंधी त्याला साथ देते. प्रतिज्ञा पुरी होते. त्याच माश्यांच्या दंशांनी चिंधी मरते. १९७७ मध्ये जब्बार पटेलांनी यावर काढलेला चित्रपट ज्यांनी पाहिला, त्यांना स्मिता पाटील आठवते आणि ढोलाचा नाद आठवतो. दांडेकर जयजयकार करीत नाहीत. जिंकण्याची किंमत ते अखेरच्या पानांत पुरेपूर वसूल करतात. तरीही कथेचे बळ प्रतिज्ञेत आहे आणि शेवट एकाच निर्णायक दिवसात आहे. डोंगराला येथे शत्रू आहे, देवही आहे. शेजारी मात्र तो नाही. त्याच कर्नाळ्याला १९६८ पासून पक्षी अभयारण्याचा दर्जा आहे आणि आज ते बारा चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक पसरले आहे. तेथल्या वाटा झाडणारे, जाळपट्टे काढणारे, पाणवठे जपणारे हात कोणत्या कादंबरीत आले? माझ्या वाचनात तरी नाहीत. प्रतिज्ञेला कथानक असते. झाडलोटीला नसते, अशी आपली वाङ्मयीन समजूत आहे.

ती समजूत या भूमीला तरी शोभत नाही. आज जेथे नवी मुंबईचे रस्ते आणि इमारती आहेत, त्या पट्ट्यातील पुष्कळशी जमीन खाऱ्या पाण्यापासून सोडवून घेतलेली. खाडीला बांध घालायचा, आत गोड्या पाण्याचे भात पिकवायचे. बांधात उघाडी असे: भरती बाहेरून रेटू लागली की तिचे दार मिटते, ओहोटीला आतले पावसाचे पाणी ते उघडून बाहेर काढते. चिंबोरी बांधात बीळ करते, बिळातून पाणी झिरपते, झिरपता झिरपता एखाद्या उधाणाच्या रात्री बांध फुटतो. त्याला तेथे खांड जाणे म्हणतात. एकदा खारे पाणी शिरले की शेत धुऊन निघायला दोनतीन पावसाळे जातात. म्हणून उन्हाळ्यात साऱ्या गावाने बांधावर जायचे, चिखलाची ढेकळे चढवायची. माझ्या ओळखीचे एक वृद्ध आगरी गृहस्थ आहेत. मी त्यांना काका म्हणतो, ते मला फादर म्हणतात. बांध बांधायला किती वर्षे लागली, असे मी त्यांना एकदा विचारले. ते हसले. बांध कधी बांधून झालाच नाही, दरवर्षी बांधतच होतो, असे त्यांचे उत्तर. माझ्या प्रश्नात कार्व्हरचे चरित्र होते. त्यांच्या उत्तरात गाव होते.

त्या काळाचे उदात्तीकरण करण्याचा माझा हेतू नाही. कुलाबा जिल्ह्यातील शिलोत्री जमिनींवर बांध राखण्याची जबाबदारी शिलोत्रीदाराची असे आणि त्यासाठी तो कुळांकडून भाताचा जादा हिस्सा वसूल करी. चिखल कुळाच्या डोक्यावर, मान शिलोत्रीदाराचा. त्या श्रमाला दान म्हणणे कुळाची थट्टा करण्यासारखे होईल. तेथे पोटाची गरज होती आणि सक्तीही होती. पुढे १९४८ चा खार जमिनींचा कायदा आला, १९७९ मध्ये त्याच्या जागी खारभूमी विकासाचा नवा कायदा आला. सरकारने बांध आपल्याकडे घेतले, त्यात न्यायही होता. पण बांध सरकारचा झाल्यावर अनेक ठिकाणी राखण कोणाचीच राहिली नाही. आणि १९७० मध्ये सिडको स्थापन झाल्यावर ठाणे, उरण आणि पनवेल तालुक्यांतील पंचाण्णव गावांच्या जमिनींवर नवे शहर आखले गेले. मोबदल्याच्या लढ्यात १९८४ च्या जानेवारीत पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे बळी गेले, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या आंदोलनानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंडांचे तत्त्व मान्य झाले.

माझ्यापुढच्या चाळीस वह्यांत यांतले काहीच नव्हते. कांदळवन जणू सृष्टीच्या तिसऱ्या दिवसापासून तेथे उभे होते आणि आमच्या मुलांनीच ते प्रथम पाहिले, अशा थाटात सारे लिहिलेले. आपली कुटुंबे वसईहून, अहमदनगरकडून, कोणी गोव्याहून या शहरात आली. सदनिकेचा हप्ता फेडता फेडता येथली झाली. आपण ज्या काठाची सेवा करायला जातो, त्या काठाला आपल्याआधी राखणदार होते आणि त्यांच्याकडून ती जमीन काढून घेतली गेली, हे वाक्य लिहायला कठीण आहे. पण त्यावाचून आपल्या निबंधातील 'आपली भूमी' हा शब्द उसना राहतो.

येथे एक गुंता आहे आणि तो सोपा करून सांगता येत नाही. जुन्या राखणदाराने समुद्र बाहेर ठेवला. आजचा स्वयंसेवक समुद्र आत यावा म्हणून झटतो. मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी कांदळवनांच्या तोडीला मनाई केली आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने ती पक्की केली. ते योग्यच झाले. पण रायगडात खांड गेलेल्या शेतात तिवरे उगवतात, मग कायद्याने ती तोडता येत नाहीत, आणि आपली शेती कायमची गेली अशी तक्रार घेऊन शेतकरी उभा राहतो. त्याची तक्रार खोटी नाही. काकांना मी कांदळवनाच्या स्वच्छतेविषयी उत्साहाने सांगत होतो, तेव्हा ते बराच वेळ गप्प होते, त्याचे कारण मला पुष्कळ उशिरा कळले. चांगला निबंध या गप्प बसण्यापासून सुरू होऊ शकला असता.

मराठीत याहून वेगळे वळण नाहीच असे नाही. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) आठवा. धनगरांच्या वाडीवर शाळामास्तर येतो, आणि वाडी मिळून तालीम उभारते. कोणी दगड आणतो, कोणी माती, कोणी नुसताच उभा राहून सल्ला देतो. सगळ्यांचे हात त्या भिंतींना लागतात. मास्तर निवेदक आहे, पण नायक वाडी आहे. मग दुष्काळ येतो आणि वाडी ओस पडते. माडगूळकर तालमीला स्मारक करीत नाहीत, श्रम वाया गेले असा गळाही काढत नाहीत. एकामागून एक उठून जाणारी माणसे दाखवतात. माझ्या खारघरच्या दुसऱ्या वृत्तांताला हवी होती ती ही भाषा. विशेषण जवळजवळ नसलेली, आणि तरी कोरडी नसलेली. शिक्षक मित्रांना माझी विनंती आहे की, भूमीविषयी लिहायला बसवण्यापूर्वी मुलांना 'बनगरवाडी'तील तालमीची प्रकरणे वाचून दाखवावीत.

धर्मगुरू म्हणून आणखी एका ग्रंथाविषयी लिहिणे मला भाग आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांचे 'लाउदातो सी' हे परिपत्रक २४ मे २०१५ या तारखेचे. त्याच्या २४६ परिच्छेदांपैकी आम्ही प्रवचनांत वापरतो ते बहुधा पहिले काही, असिसीच्या संत फ्रान्सिसची सृष्टी-बंधुता सांगणारे. कारण ते काव्यमय आहेत आणि प्रवचनाला काव्य सोयीचे पडते. २३२ वा परिच्छेद मी स्वतः पहिल्या वाचनात ओलांडून गेलो होतो. राजकारणात थेट उतरणे सर्वांना शक्य नसते, असे म्हणून पोप तेथे साध्या स्थानिक गटांकडे वळतात. एखादी इमारत, एखादे कारंजे, दुर्लक्षित पडलेले स्मारक, एखादा चौक यांची निगा राखणारी माणसे, असली अगदी नगरपालिकेच्या यादीत शोभावीत अशी उदाहरणे ते देतात. आणि पुढे म्हणतात की अशा कामाभोवती नाती जुळतात, तुटलेली सांधली जातात, उदासीनता हटते. या परिच्छेदाची शैली सपाट आहे, यात वाद नाही. परंतु निगा राखल्याने प्रथम काय वाचते, या प्रश्नाला त्यात दिलेले उत्तर अनपेक्षित आहे: शेजार. आमच्या मंडळाने वणव्यानंतर डोंगर सोडला तेव्हा रोपे आधीच गेली होती. आम्ही खरोखर गमावले ते एकमेकांना.

परिपत्रक तेथे थोडे घाईत पुढे जाते, हीही माझी तक्रार आहे. गटात भांडणे होतात, दोघेच राबतात आणि बाकीचे छायाचित्रात येतात, आणि पाचव्या महिन्यात मन उडते. याविषयी त्या परिच्छेदात शब्द नाही. या बाबतीत लूकच्या शुभवर्तमानातील वांझ अंजिराचा दाखला अधिक वास्तववादी आहे. माळी आणखी एक वर्ष मागतो, भोवती खणतो, खत घालतो असे म्हणतो, आणि दाखला तेथेच संपतो. पुढच्या वर्षी फळ आले की नाही, हे येशू सांगत नाही. कथाकार म्हणून हा संयम विलक्षण आहे, आणि प्रवचनकारांनी शतकानुशतके त्या झाडाला बळेच फळे लावून ठेवली आहेत.

लढ्याचे वाङ्मय आपल्या समाजाकडे आहे. हरित वसईच्या चळवळीने १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून जे केले, ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहून ठेवले आहे; २०२४ च्या जुलैमध्ये फादर गेले, पण ते लेखन आहे. लढ्यात शत्रू दिसतो, मोर्चा असतो, तारीख असते. नवी मुंबईतही तसे प्रसंग आले. २०२४ च्या एप्रिलमध्ये नेरुळच्या तळ्याकाठी रोहित पक्षी मरून पडले. तळ्यात भरतीचे पाणी येण्याच्या वाटा बुजल्या होत्या, आणि त्या मोकळ्या कराव्यात म्हणून स्थानिक पर्यावरणप्रेमी गटांनी आवाज उठवला. ज्या शहराने आपल्या भिंतीभिंतींवर हे पक्षी रंगवले आहेत, तेथे ही बातमी सर्वांनी वाचली. पण वाट मोकळी झाल्यावर ती मोकळी ठेवावी लागते. गाळ बसतो, पिशव्या अडकतात. म्हणजे पुन्हा उघाडीच आली. फक्त दार उलट्या बाजूला लावलेले. ही बातमी वर्तमानपत्रात येत नाही, आणि यावी अशी अपेक्षाही नाही. ती आपल्या त्रैमासिकासारख्या ठिकाणी यायला हवी.

आता त्या स्पर्धेतील एका वहीविषयी. ती निबंधाची नव्हतीच. अकरावीतल्या एका मुलीने मंडळाच्या कामाची नोंदवही जशीच्या तशी पाठवली होती, वर एक चिठ्ठी: 'फादर, निबंध जमला नाही, हे चालेल का?' नियमानुसार ते चालत नव्हते. तारीख, तिथी, ओहोटीची वेळ, आलेल्यांची नावे, भरलेल्या गोणी. क्वचित एखादे वाक्य. सप्टेंबरच्या नोंदीत गणपती विसर्जनानंतरच्या गोणी आहेत, त्याखाली त्यांवरून गटात झालेला वाद दोन ओळींत आहे, आणि कोण रागावून गेले तेही. ऑक्टोबरात त्याच मुलाचे नाव पुन्हा दिसते. तो का परत आला ते लिहिलेले नाही. एका जागी काठावर राहणाऱ्या कोळी आजींनी गटाला हटकल्याची नोंद आहे: जाळी टाकून दिलेली नाहीत, वाळत घातली आहेत, हात लावू नका. पुढच्या सर्व नोंदींत जाळ्यांचा रकाना वेगळा झाला आहे. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ. सुरुवातीच्या तीन पानांवर फुलांची नक्षी आहे, नंतर ती थांबते.

दोष सांगायचे तर, तिला माणसे दिसतात पण झाडे क्वचितच. तिवर आणि कांदळ यांतला भेद तिने कोठेही नोंदलेला नाही. आणि भांडणाच्या जागी ती फार लवकर पुढे जाते. सहपरीक्षकांशी माझे मतभेद झाले, वही स्पर्धेबाहेर ठेवली गेली, आणि पहिले बक्षीस उगवत्या सूर्याला मिळाले. वही माझ्या टेबलावर आहे. मुलीची आणि तिच्या आईवडिलांची परवानगी मिळाली, तर तिची काही पाने चुकांसकट छापावीत अशी माझी संपादकांना विनंती आहे. फेब्रुवारीची शेवटची नोंद अशी: 'अष्टमी. आलो तिघेच. मागच्या वेळी साफ केलेल्या जागी परत तेवढंच. सात गोणी. कात्री हरवली, पुढच्या वेळी मी आणते.'